दगडाची साल आणि चिमणीचा धूर

१. टी पॉइंटवरचा प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या धावड्याकडून कुणी पाहुण्यांना अजिंठा लेणी दाखवायला निघालं, की अजिंठा गाव मागे टाकून घाट उतरायचा आणि फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी लावायची. पुढचे चार किलोमीटर एसटी महामंडळाच्या बसनं. दिवस उन्हाळ्याचे असले आणि बरोबर म्हातारी माणसं असली, तर इथं कुरकुर ठरलेली. आपली गाडी थेट पायथ्यापर्यंत का जाऊ देत नाहीत? धुराचा त्रास होतो म्हणे. पण कुणाला? डोंगर फोडून काढलेली लेणी ती. दीड-दोन हजार वर्षं ऊन-पावसात उभी आहेत. मोटारीच्या धुरानं त्यांचं काय वाकडं होणार?

प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या फर्दापूरला विचारला जात नाही. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण कारखान्याचा विषय निघाला, तेव्हा तिथल्या कातळशिल्पांबद्दल हाच सवाल आला. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मुरुजुगा नावाच्या जागी तर त्यावरून कित्येक वर्षं भांडण चालू आहे. तिथं जगातल्या सर्वात जुन्या खोदचित्रांच्या शेजारी नैसर्गिक वायूचा प्रचंड प्रकल्प आहे.

थोडक्यात उत्तर असं, की धुरानं दगडाचं फारसं बिघडत नाही, चित्राचं बिघडतं. चित्राला दगड आधार देतो, पण चित्र राहतं ते दगडाच्या अगदी वरच्या पातळ थरात. या थराला आपण या प्रकरणापुरतं ‘साल’ म्हणू. प्रत्येक दगडाची साल वेगळी, म्हणून तिला धोकाही वेगळा. हे एकदा ध्यानात आलं की टी पॉइंटचा नियम, बारसूचा वाद आणि ऑस्ट्रेलियातलं भांडण, तिन्ही गोष्टी एका सूत्रात बसतात.

२. चित्र नेमकं असतं कुठं?

तीन ठिकाणची चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिलं ठिकाण कोकणातले सडे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. या सड्यांवर पूर्वीच्या माणसांनी आडव्या कातळात हत्ती, वाघ, गेंडे, मासे, पक्षी आणि माणसं कोरली. रेषा साधारण काही सेंटिमीटर खोल असतात. इथं चित्र दिसतं ते खोलीमुळे. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेषेच्या काठाची सावली पडते आणि आकार उठून दिसतो. काठ बोथट झाला की चित्र पुसट झालं.

दुसरं ठिकाण मुरुजुगा. तिथला दगड तप्त शिलारस थिजून बनलेला आणि अतिशय कठीण आहे. त्यावर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांचा लालसर-तपकिरी, पातळ लेप हजारो वर्षांत बसला. चित्रकारानं दुसऱ्या दगडानं टोचे मारून तो लेप उडवला. खालचा फिकट भाग उघडा पडला आणि तीच रेषा झाली. म्हणजे या चित्राचा जीव गडद आणि फिकट रंगांतल्या फरकात आहे. लेप गेला की रेषा शाबूत असूनही दिसणार नाही.

तिसरं ठिकाण अजिंठा. इथला दगड काळा बेसॉल्ट, पण चित्रं त्याला थेट चिकटलेली नाहीत. कारागिरांनी खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा दिला. त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले. वर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवं खनिज असे रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावले. हिरवा रंग इथल्याच बेसॉल्टमध्ये सापडणाऱ्या खनिजाचा, तर निळ्यासाठी लाजवर्द थेट अफगाणिस्तानाकडून आलेला. तेव्हा अजिंठ्याची साल म्हणजे माती, भुसा, चुना आणि रंग. डोंगर आणखी लाख वर्षं टिकेल, पण चित्राचं आयुष्य या गिलाव्याइतकंच.

बारसूला खोली, मुरुजुग्याला लेप, अजिंठ्याला गिलावा. आता या तिघांना धुरापासून काय भोगावं लागतं ते पाहण्याआधी धुरातच डोकावू.

३. धुरात असतं तरी काय?

डोळ्यांना दिसणारा धूर म्हणजे काजळी आणि धूळ. तो त्रासदायक खरा, पण जास्त काम करतात न दिसणारे वायू. त्यातले तीन ओळखून ठेवू.

पहिला सल्फर डायऑक्साइड. कोळसा, डिझेल, कच्चं तेल यांत थोडं गंधक असतंच. ते जळलं की हा वायू होतो. दुसरा गट नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा. इंजिन किंवा भट्टीतल्या प्रखर उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येऊन ते तयार होतात. म्हणून इंधन कितीही स्वच्छ असलं तरी हे वायू पूर्ण टळत नाहीत. तिसरा अमोनिया, जो खतांच्या कारखान्यांतून आणि शेतीतूनही सुटतो.

पहिले दोन वायू हवेतल्या बाष्पाशी आणि प्राणवायूशी मिळून गंधकाम्ल आणि नत्राम्ल बनतात. एक छोटा हिशेब करू. १ टन गंधक जळालं तर २ टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. त्या सगळ्याचं आम्ल झालं तर सुमारे ३ टन गंधकाम्ल होईल. वजन वाढलं कारण वाटेत हवेतला प्राणवायू आणि पाणी त्याला येऊन मिळाले. त्यामुळे इंधनातल्या गंधकाचा आकडा लहान दिसला तरी पुढं उतरणारं ओझं तिप्पट असतं.

हे आम्ल दगडापर्यंत दोन वाटांनी येतं. एक वाट पावसाची. आम्लता मोजायला पीएच नावाची पट्टी वापरतात. ती उलटी चालते, म्हणजे आकडा लहान तितकं आम्ल जास्त. शिवाय आकडा एकानं उतरला की आम्लता दसपट होते. अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचाही पीएच ५.६ च्या आसपास असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. तोच ४.६ झाला तर पाऊस दसपट आम्ल, ३.६ झाला तर शंभरपट.

दुसरी वाट कोरडी, आणि बरेचदा तीच जास्त वाईट. वायू आणि बारीक कण पाऊस नसतानाही दगडावर बसत राहतात. रात्री दव पडतं. दवाचं पाणी अगदी थोडं, त्यामुळे साचलेलं सगळं त्या थेंबभर पाण्यात विरघळतं आणि द्राव पावसापेक्षा कितीतरी तिखट होतो. सकाळी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

यात एक चौथा गडीही सामील होतो. नायट्रोजनचे क्षार म्हणजे खतच. दगडावर ते बसले की शेवाळ, बुरशी आणि दगडफुलाच्या काही जाती माजतात. आपण काळ्या मसाल्यात घालतो ते दगडफूल याच कुळातलं. या सजीवांच्या मुळासारख्या तंतूंतून सेंद्रिय आम्लं पाझरतात आणि दगडाची साल पोखरतात. त्यामुळे थेट आम्ल कमी पडलं तरी वायूंचा परिणाम या मार्गानं होऊ शकतो.

४. मुरुजुगा: लेप गेला की चित्र गेलं

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात, डॅम्पिअर द्वीपसमूह आणि बर्रप द्वीपकल्प मिळून मुरुजुगा होतो. तिथं दगडांच्या लालसर राशींवर दहा लाखांहून अधिक खोदचित्रं असावीत असा अंदाज आहे. त्यांतली सर्वात जुनी चाळीस हजार वर्षांहून जुनी मानली जातात. कांगारू, मासे, कासवं, माणसांचे चेहरे आहेत. आज पृथ्वीवरूनच नाहीसा झालेला पट्टेदार थायलसिन नावाचा प्राणीही आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो तीनेक हजार वर्षांपूर्वीच संपला. तिथल्या मूळ रहिवाशांना, न्गार्दा-न्गार्ली लोकांना, ही चित्रं म्हणजे पूर्वजांनी लिहून ठेवलेले कायदे आणि कथा आहेत. त्यांच्या लेखी जागा जिवंत आहे.

१९६० च्या दशकात या किनाऱ्यावर लोहखनिज पाठवण्याचं बंदर उभं राहिलं. पाठोपाठ मिठागरं आली. १९८४ मध्ये समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू इथं येऊ लागला, १९८९ मध्ये द्रवरूप वायूची निर्यात सुरू झाली. पुढं अमोनिया आणि स्फोटकांसाठी लागणारं अमोनियम नायट्रेट बनवणारे कारखाने आले. वायू प्रकल्प बांधताना दीड हजारांहून अधिक चित्रांकित शिळा जागेवरून उचलून कुंपणाच्या आत नेऊन ठेवल्या गेल्या.

आता लेपाकडे वळू. घरातला बिडाचा तवा आठवा. वर्षानुवर्षं वापरून त्यावर काळा, गुळगुळीत थर बसलेला असतो. खिळ्यानं त्यावर रेघ ओढली तर खालचं फिकं बीड दिसतं. आता तोच तवा रोज चिंच लावून घासला तर काय होईल? तवा झिजणार नाही, त्याला भोकही पडणार नाही. फक्त काळा थर उतरेल आणि सगळा तवा रेघेच्याच रंगाचा होईल. रेघ तिथंच असेल, दिसणार मात्र नाही. मुरुजुग्याच्या चित्रांबाबत भीती नेमकी हीच आहे. लेपातलं मँगनीज ऑक्साइड आम्ल वातावरणात लोहापेक्षाही लवकर सुटतं.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा लेप ०.१ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे १०० मायक्रॉन. समजा आम्लामुळे वर्षाला अर्धा मायक्रॉन जातो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, तेव्हा ही झीज एका आयुष्यात डोळ्याला कळणारही नाही. पण १०० भागिले अर्धा म्हणजे २०० वर्षं. चाळीस हजार वर्षं टिकलेली गोष्ट दोनशे वर्षांत संपली. आता या हिशेबाशेजारी एक खरा आकडा ठेवू. १९८४ ला सुरू झालेल्या वायू प्रकल्पाला २०७० पर्यंत चालू ठेवण्याची अंतिम परवानगी ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं २०२५ मध्ये दिली. म्हणजे ८६ वर्षं. आपल्या कल्पित वेगानं तेवढ्यात ४३ मायक्रॉन जातील, जवळजवळ निम्मा लेप.

खरा वेग किती, यावरच तिथं वाद आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सरकारी अभ्यासात डॅम्पिअर गावाजवळचे काही दगड दूरच्या दगडांपेक्षा जास्त सच्छिद्र आढळले. राज्य सरकारनं त्यासाठी १९७०-८० च्या काळातल्या जुन्या वीजकेंद्राकडे आणि जुन्या उद्योगांकडे बोट दाखवलं. टीकाकार शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की आजच्या वायूंना इतक्या सहज निर्दोष ठरवता येणार नाही. हा वाद मिटत नाही याचं मूळ साधं आहे. १९६० च्या आधी या दगडांचा रंग, सच्छिद्रता, आम्लता कुणी मोजून ठेवली नव्हती. पहिलं बिल हरवलं की किती खर्च झाला यावर दोन्ही बाजूंना भांडता येतं.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात मुरुजुगा जागतिक वारसा ठरला. शिवनेरी, रायगड, सिंधुदुर्गासह आपले बारा किल्लेही त्याच अधिवेशनात त्या यादीत गेले. पण किल्ल्याच्या तटाला आणि मुरुजुग्याच्या लेपाला एकच पहारा पुरत नाही.

५. बारसूचा सडा: धूर आणि जेसीबी

कोकणातली कातळशिल्पं गावकऱ्यांना ठाऊक होतीच. कुठं ती पांडवांच्या नावावर, कुठं देवाच्या. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे अक्षरशः पायाखाली घातले आणि हजाराहून अधिक चित्रं नोंदवली. राज्य पुरातत्त्व विभागानंही त्यात लक्ष घातलं. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी इतर प्राणी कोरलेले आहेत. उक्षीला गावकऱ्यांनी हत्तीचं चित्र पाहायला गोल कठडा बांधून घेतला. आज कोकणात नसलेला गेंडा या चित्रांत दिसतो. ती काढणाऱ्यांच्या भोवतीचं रान वेगळं होतं, हे त्यावरून कळतं.

२०२२ मध्ये या शिल्पांपैकी नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेल्या. त्यांत सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, एक सिंधुदुर्गातली आणि एक गोव्यातली. सातांतली एक बारसू. आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला राज्य सरकारनं तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूची जागा केंद्राला सुचवली होती. प्रकल्प मुळात शेजारच्या नाणार परिसरात व्हायचा होता. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता सांगितली गेली होती. स्थानिकांच्या विरोधानंतर २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना मागे घेतली गेली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी सड्यावर येऊन बसले. त्यात बाया मोठ्या संख्येनं होत्या.

आता विज्ञानाच्या बाजूनं पाहू. जांभा तयार झाला तोच मुळी पावसाच्या माऱ्यानं. उष्ण आणि ओल्या हवेत मूळ खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं लाखो वर्षांत वाहून गेली. मागे राहिली लोह आणि ॲल्युमिनिअमची ऑक्साइडं. म्हणजे सहज धुऊन जाणारं सगळं आधीच गेलेलं आहे. वरचं कवच उघड्यावर आणखी कडक होतं. त्यामुळे सौम्य आम्ल पावसानं जांभ्याच्या खोल रेषा चार-दोन दशकांत नाहीशा होतील, असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. मुरुजुग्याचा धोका जसाच्या तसा उचलून बारसूला लावू नये.

मग बारसू निर्धास्त आहे का? तेही नाही. जांभा सच्छिद्र आहे. त्याच्या भोकांत क्षार शिरतात आणि वाळताना स्फटिक होऊन काठ फोडतात. नायट्रोजनचं खत मिळालं की शेवाळ आणि दगडफूल वाढतं. रत्नागिरीकडे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कातळावर जे कोरडं साचेल ते पहिल्या पावसात एकदम विरघळेल. या परिणामांवर नजर ठेवायलाच हवी.

तरीही स्पष्ट सांगायचं तर कोकणात कातळशिल्पांचा पहिला शत्रू आजच्या घडीला धूर नाही, जेसीबी आहे. घरबांधणीसाठी चिरे काढणाऱ्या चिरेखाणी, सड्यावरून जाणारे रस्ते, कलमांसाठी सुरुंग लावून पाडलेले खड्डे, यांत चित्र हळूहळू झिजत नाही, एका दुपारीत जातं. मोठा कारखाना आला की धुराआधी सपाटीकरण येतं, मालमोटारी येतात, त्यांच्यामागं चिऱ्यांची मागणी येते. बारसूच्या शिल्पांभोवती जागा राखून ठेवू असं सांगितलं जातं तेव्हा विचारायचं असतं, की राखलेल्या तुकड्याच्या बाहेरचा सडा कुठं जाणार? सड्यावरचं पाणी कोणत्या बाजूनं वाहणार? धूळ कुणावर बसणार?

६. अजिंठा: आतला धूर, बाहेरचा धूर

आता परत फर्दापूरला येऊ. अजिंठ्याच्या सालीत चुना आहे, आणि चुन्याचं आम्लाशी वैर आहे.

चुना हवेत वाळला की कॅल्शिअम कार्बोनेट होतो. संगमरवरही तेच. त्याला गंधकाम्ल भेटलं की जिप्सम तयार होतं, ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात. १०० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटपासून १७२ ग्रॅम जिप्सम होतं आणि ते जवळजवळ दुप्पट जागा व्यापतं. भिंतीच्या आत एखाद्या थरानं दुप्पट जागा मागितली तर तो फुगतो, सुटतो आणि पापुद्रा पडतो. पापुद्र्यावर रंग असेल तर रंगही त्याच्याबरोबर खाली येतो.

ही गोष्ट भारताला ताजमहालानं शिकवली. आग्र्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. ताजच्या संगमरवराची काळजी त्याआधीपासूनच व्यक्त होत होती. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. आग्र्यातल्या २९२ उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर दुसरीकडे जावं, असा तो आदेश. ताजभोवतीचा १०,४०० चौरस किलोमीटरचा पट्टा विशेष संरक्षणाखाली आहे. दगडाच्या बचावाची सीमा कुंपणापाशी संपत नाही, हे आपल्या न्यायालयानं तेव्हाच मान्य केलं.

अजिंठ्याचं दुखणं मात्र ताजसारखं एकाच बाजूचं नाही. लेण्यांतल्या काळेपणाचा बराचसा भाग जुना आहे. शतकानुशतकं दिवे जळले, मुक्कामी आलेल्यांनी आत चुली पेटवल्या. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ही लेणी बाहेरच्या जगाला दाखवल्यावर माणसांची वर्दळ वाढली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून जाणकार आणले. त्यांनी सुटणारा रंग लाखेच्या व्हार्निशनं बसवला. हेतू चांगला होता, पण व्हार्निश पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि काजळी चिकटली आणि चित्रं मळकट काचेआड गेल्यासारखी झाली. पुढं पुरातत्त्व खात्याच्या राजदेव सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांत हे थर अतिशय सावकाश उतरवले, तेव्हा खालची भारतातली सर्वात जुनी बौद्ध चित्रं पुन्हा दिसू लागली. काजळी चढायला दिवाबत्तीचा धूर पुरला. उतरवायला तज्ज्ञांची वर्षं गेली.

आणि एक धूर असा, जो आपण बरोबर घेऊन जातो. तो म्हणजे श्वास. शांत उभा असलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला सुमारे ४० मिलिलिटर पाणी हवेत सोडतो. समजा ४० जणांची तुकडी लेण्यात १५ मिनिटं थांबली. ४० गुणिले ४० म्हणजे १६०० मिलिलिटर, त्याचा पाव भाग ४०० मिलिलिटर. दिवसात अशा २० तुकड्या आल्या तर ८ लिटर पाणी. ते एका बंदिस्त, मातीच्या गिलाव्याच्या खोलीत दर दिवशी सोडलं जातं. त्यातला काही भाग भिंत शोषते. गिलाव्यातला भुसा आणि तंतू ओल धरतात, किडे आणि बुरशी येतात. फ्रान्समधल्या लास्को गुहेत हेच घडलं. प्रेक्षकांच्या श्वासामुळे भिंतींवर हिरवं शेवाळ आणि पांढरे क्षार चढले, आणि १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद करावी लागली.

तेव्हा टी पॉइंटवरच्या प्रश्नाचं उत्तर असं. वाघूर नदीनं कोरलेल्या त्या अरुंद, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या दरीत शेकडो इंजिनं धुमसत राहिली तर धूर लवकर बाहेर पडत नाही. काजळी व्हार्निशच्या उरल्यासुरल्या थरांवर बसते, वायू ओलसर गिलाव्यात शिरतात आणि श्वासाचं पाणी त्यांना आम्ल बनवायला हातभार लावतं. गाडी चार किलोमीटर मागे ठेवली की या तिघांतला निदान एक तरी कमी होतो. नियम छोटा आहे, पण शास्त्राला धरून आहे.

७. माणसाची हवा, चित्राची हवा

कारखान्याला परवानगी देताना एक वाक्य नेहमी ऐकू येतं: वायूंचं प्रमाण मर्यादेत आहे. कुणाच्या मर्यादेत?

भारतात हवेच्या गुणवत्तेची सध्याची राष्ट्रीय मानकं २००९ ची आहेत. सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा सर्वसाधारण भागात घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, आणि सरकारनं संवेदनशील ठरवलेल्या परिसरात २०. ही मानकं प्रामुख्यानं माणसाच्या तब्येतीसाठी आहेत. माणसाचं फुप्फुस स्वच्छ हवा मिळाली की काही अंशी सावरतं. चित्राला सावरणं नाही. एक मायक्रॉन गेला तो गेला. त्याच्या बाबतीत सारा हिशेब बेरजेचा असतो. आजचं थोडं अधिक उद्याचं थोडं, असं पन्नास वर्षं.

दुसरी अडचण अंतराची. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. घरं, हॉटेलं, दुकानं यांना आवर घालायला हे मीटर उपयोगी पडतात. चिमणीचा वायू मात्र ३०० मीटरवर थांबत नाही. ताजच्या प्रकरणात पन्नास किलोमीटरचा विचार करावा लागला.

अजिंठ्याच्या डोंगराभोवतीचा नकाशा या नजरेनं पाहा. दक्षिणेला छत्रपती संभाजीनगर, आग्नेयेला पोलादाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेलं जालना, उत्तरेला जळगाव. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांची जी यादी आहे, तीत ही तिन्ही शहरं आहेत. त्यावरून जालन्याचा धूर लेण्यांत शिरतो असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. मधे अंतर आहे, डोंगर आहे, वाऱ्याची दिशा ऋतूप्रमाणे बदलते. पण तिन्ही बाजूंना उद्योग वाढत असताना लेण्यांच्या हवेची नोंद सलग ठेवणं आणि ती लोकांसमोर मांडणं, ही चैन नव्हे.

८. आधी मोजमाप, मग चिमणी

या सगळ्यातून कामाचा धडा एकच निघतो. कारखाना येण्याआधी चित्राची नोंद व्हायला हवी, आल्यानंतर नव्हे. नोंद म्हणजे नुसता फोटो नव्हे. चार गोष्टी लागतात.

पहिली, रंग. ठरावीक जागी उपकरण टेकवून रंगाचा आकडा घ्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षी ‘फिकट वाटतंय’ असं म्हणावं लागत नाही. दुसरी, आकार. त्रिमितीय छायाचित्रणानं रेषेची खोली आणि काठ मिलिमीटरच्या अंशापर्यंत नोंदवता येतात. बारसूसाठी हेच सर्वात मोलाचं. तिसरी, सालीची आम्लता आणि तिच्यात साचलेले क्षार. चौथी, त्याच जागेवरची हवा, ओल आणि वारा, निदान सगळे ऋतू पार पडेपर्यंत. शहरातल्या मोजणी केंद्राचा आकडा डोंगरावरच्या चित्राला लागू होत नाही. शिवाय तुलनेसाठी अशाच दगडाची, पण उद्योगांपासून दूर असलेली जागाही मोजावी लागते.

मोठ्या कारखान्याच्या खर्चात ही रक्कम नगण्य आहे. ती प्रकल्प आणणाऱ्यानं द्यावी, मोजणी मात्र त्याच्या हातात असू नये, आणि आकडे गावाला मराठीत कळावेत. मुरुजुग्यात ही नोंद नव्हती म्हणून साठ वर्षांनी शास्त्रज्ञ एकमेकांशी भांडत आहेत. कोकणात आणि अजिंठ्याच्या डोंगरात आपल्याकडे अजून वेळ आहे.

वाचकांनाही थोडं काम आहे. कातळशिल्प नीट दिसावं म्हणून रेषेत खडू, चुना किंवा रांगोळी भरू नका. त्यातले क्षार दगडात शिरतात. त्यावर पाणी ओतू नका, पाय देऊ नका. रानात, सड्यावर, एखाद्या खडकाच्या आडोशाला अनोळखी खोदकाम किंवा रंग दिसला तर आधी गावाला आणि मग राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. अजिंठ्याला गेलात तर फ्लॅश बंद ठेवा, भिंतीला हात लावू नका आणि लेण्यात रेंगाळून गर्दी करू नका.

आणि पंचक्रोशीत कुठल्याही चिमणीसाठी जनसुनावणी लागली, तर नोकऱ्या किती मिळणार हे जरूर विचारा, पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका: आसपासच्या जुन्या चित्रांची, लेण्यांची, शिल्पांची आजची मोजणी झाली आहे का, आणि ती कागदावर कुठं आहे? उत्तर ‘नाही’ असं आलं, तर आधी ती मोजणी करून घ्या, मगच परवानगीचं बोला.